तिची चढाई आणि माझा सूर्यास्त

अर्ध्या हळकुंडानं पिवळी होणारी माणसं असतात. मी तर हळकुंडाच्या नुसत्या वासानं पिवळा झालो होतो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जळगावात माझं लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं आणि खांद्यावर घ्यायचा एक व्हीएचएस कॅमेरा होता. तो खांद्यावर घेतला की मान आपोआप तिरकी व्हायची आणि माणूस विचारवंत दिसायचा. धंदा बरा चालला होता. नवरदेवाच्या मामांना पुढं घ्यायचं, आहेराची भांडी एकेक करून दाखवायची, पंगतीत वरणात बट्टी कुस्करणाऱ्या पाहुण्यांवरून कॅमेरा सावकाश फिरवायचा आणि मिक्सिंगच्या वेळी नवरा-नवरीला बदामाच्या आकारात बसवायचं, एवढं जमलं की पोट भरत होतं. तेवढ्यात सुखानं राहायचं सोडून मी पुण्याला गेलो.

पुण्यात सिनेमा कसा पाहावा याचं तीन दिवसांचं शिबिर होतं. सिनेमा डोळ्यांनी पाहतात एवढंच मला तोवर ठाऊक होतं. शिकवायला एक दाढीवाले सर होते. ते बोलता बोलता मध्येच थांबायचे आणि खिडकीबाहेर बघत राहायचे, आणि आम्हीही वह्या मिटून खिडकीबाहेर बघायचो. त्यांनी दाखवलेल्या परदेशी सिनेमांतलं मला ओ की ठो कळलं नाही. पण वहीत सगळं उतरवून घेतलं. प्रकाश बोलतो. वस्तू दाखवू नका, तिची सावली दाखवा. खेळ खेळणाऱ्यात नसतो, पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो. शेवटच्या दिवशी मी हात वर करून विचारलं की हे सगळं लग्नात कसं बसवायचं. सर नुसते हसले. ते हसणं मला आशीर्वादासारखं वाटलं आणि येताना मी लक्ष्मी रोडवरून एक खादीची झोळी घेऊन आलो.

पहिला झटका फैजपूरच्या एका केळीवाल्या घराला बसला. मुलीच्या पाठवणीच्या वेळी सगळं घर रडत होतं आणि मी अंगणातल्या केळीच्या पानाआडून शूटिंग करत होतो. पान वाऱ्यानं हलायचं, मध्येच नवरीचा एक डोळा दिसायचा, मध्येच नुसतंच पान. मला स्वतःलाच भरून आलं. आठ दिवसांनी मुलीचे वडील कॅसेट घेऊन दुकानात आले आणि शांतपणे म्हणाले की पानंच बघायची तर मळ्यात काय कमी आहेत, त्यासाठी व्हिडिओवाला कशाला बोलावू. मी मनात म्हटलं, गाढवाला गुळाची चव काय. त्यांनी धाकट्या मुलीचं लग्न दुसऱ्याला दिलं.

अशा माणसाला धुळ्याच्या नानांनी बोलावलं. नाना देवपुरातल्या एका व्यायाम मंडळाचे अध्यक्ष होते. अडतीचा धंदा, पांढरं धोतर, आणि आवाज असा की माईकला लाज वाटावी. मंडळानं मुलींच्या कबड्डीचे सामने भरवले होते आणि अंतिम सामन्याचं शूटिंग करायचं होतं. धुळ्यात व्हिडिओवाले नव्हते असं नाही. पण नानांच्या भाच्याचं लग्न मी केलं होतं, म्हणजे त्याचं शूटिंग केलं होतं, आणि त्यात नाना फार छान आले होते. त्यामुळं त्यांचा माझ्यावर जीव.

नानांनी काम समजावून सांगितलं. प्रमुख पाहुणे येतील, त्यांचा सत्कार. मग देणगीदारांचा सत्कार. मग पंचांचा. मग माजी खेळाडूंचा. हार, शाल, नारळ, सगळं नीट दिसलं पाहिजे. मी विचारलं, आणि कबड्डी? तर नाना म्हणाले की मधल्या वेळात घ्या ना, तिला कोण नाही म्हणतंय. मी झोळी सावरली आणि नानांना सांगितलं की मी कलावंत आहे, सत्कार बित्कार मी घेत नाही. नानांनी झोळीकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, बरं बरं, चहा घ्या.

सामन्याच्या दिवशी दुपारी एसटीनं धुळ्यात उतरलो, रिक्षानं देवपुरात मैदानावर गेलो आणि कॅमेरा कुठं लावायचा ते बघत हिंडत होतो. तेवढ्यात एक मुलगी माझ्याकडे आली. एकोणीस-वीस वर्षांची, उंच, काटक, वेणी घट्ट बांधून वर खोचलेली. बनियनच्या पाठीवर पाचाचा आकडा होता, कापडातून कापून हातानं टाके घातलेला. तिनं आधी विचारलं की जळगावचे व्हिडिओवाले भाऊ तुम्हीच का. मग सगळं भराभर सांगून टाकलं. शाळेत पाठ केलेलं भाषण म्हणतात तसं, आणि हिनं ते रात्रभर पाठ केलं असणार हे कळत होतं.

राज्याच्या संघाचं सराव शिबिर होतं. त्या निवडीत पुण्याचे एक सर होते. त्यांनी तिला पूर्वी एकदा खेळताना पाहिलं होतं आणि या सामन्याला ते खास तिच्यासाठी येणार होते. पण त्यांचा पाय प्लास्टरमध्ये अडकला. त्यांनी कळवलं, शूटिंग होणार असेल तर कॅसेट पाठवा, बघून ठरवतो. इकडे घरी तिच्या वडिलांनी तिला शब्द दिला होता. शिबिरात नाव आलं तर लग्न दोन वर्षं पुढं. नाही आलं तर पहूरकडचं एक स्थळ बघून गेलं होतं, होकार आला होता, आणि वैशाखात उरकून टाकायचं. बाप वाईट नव्हता. त्याच्या भावकीत मुलीला एवढाही शब्द कुणी देत नव्हतं.

मग ती म्हणाली, "भाऊ, माझा चेहरा दिसला पाहिजे, पाठीवरचा नंबर दिसला पाहिजे, आणि एक तरी चढाई रेषेपासून रेषेपर्यंत पूर्ण. बाकी काही नको."

मी तिला म्हटलं, काळजी करू नकोस. आणि अगदी खरं सांगतो, म्हणताना मनापासून म्हटलं होतं. पण त्याच वेळी माझं लक्ष तिच्या डोक्यावरून पश्चिमेकडे होतं. तिथं कडुनिंबाची रांग होती, पलीकडे पांझरा नदीकडे उतरत जाणारं मोकळं आकाश, आणि सामना चार-साडेचारला सुरू व्हायचा होता. म्हणजे दुसऱ्या डावात सूर्य बरोबर कडुनिंबांवर टेकणार. थंडीचे दिवस, मैदानावर पाणी मारलेलं पण वरची माती सुटलेली, खेळाडूंच्या पायांनी धूळ उडणार आणि त्या धुळीतून सूर्य! माझ्या अंगावर काटा आला. हे बघायला दाढीवाले सर इथं हवे होते असं वाटलं.

कुठल्याही शहाण्या माणसानं कॅमेरा पश्चिमेला लावला असता. सूर्य पाठीशी, खेळाडू समोर, चेहरे लख्ख. लग्नातही आम्ही तेच करतो, खिडकीकडे पाठ करतो. नानांनी तिथं माझ्यासाठी टेबलसुद्धा मांडून ठेवलं होतं, वर सतरंजी घालून. मी ते टेबल नाकारलं आणि कॅमेरा खांद्यावर घेऊन पूर्वेला गेलो. सूर्याच्या थेट समोर उभा राहिलो. दक्षिणेला, म्हणजे माझ्या डाव्या हाताला, पाहुण्यांचा मंडप होता. तिकडं मी पाहायचंच नाही असं ठरवलं होतं. पंचसुद्धा येऊन म्हणाले की भाऊ, तुमच्या डोळ्यावर ऊन येतंय. मी त्यांना समजणार नाही अशा अर्थानं हसलो.

आता इथं थोडं कॅमेऱ्याचं सांगायला हवं, कारण माझा गुन्हा त्यात आहे. त्या कॅमेऱ्याच्या काचेतून चित्र काळं-पांढरं दिसायचं, बोटभर. समोर सूर्य असला की कॅमेरा बिचारा बिचकायचा आणि उजेड कमी करून टाकायचा. त्यामुळं आकाश सुरेख यायचं आणि माणसं काळी ठिक्कर पडायची. त्याला उपाय होता. बाजूला बॅकलाइटचं एक बटण होतं. ते दाबून धरलं की माणसांचे चेहरे उजळायचे. पण मग आकाश उतू गेलेल्या दुधासारखं पांढरं व्हायचं, सूर्य पुसला जायचा, धूळ दिसेनाशी व्हायची. बटण मला पाठ होतं. कुणी असं म्हणू नये की याला माहीत नव्हतं.

सामना सुरू झाला. रेषा पांढऱ्या फक्कीच्या, ताज्या. दोन्ही बाजूंना गर्दी, बायाही बऱ्याच, काही मुलांना काखेत घेऊन. पाच नंबर पहिल्याच चढाईला आत गेली आणि मला कळलं की ही पोरगी साधी नाही. ती धावत नव्हती. ती आधी उभी राहायची, कबड्डी-कबड्डी म्हणत, अगदी हळू आवाजात, जणू समोरच्यांना काही समजावून सांगतेय. मग एकदम उजवा पाय लांब जायचा, कुणाच्या तरी गुडघ्याला लागायचा, आणि ती परत रेषेवर. समोरच्या मुलींना आपण बाद झालो हे पंचांनी सांगितल्यावर कळायचं.

आणि मी काय करत होतो? मी कडुनिंबाखाली बसलेल्या एका म्हाताऱ्याचा चेहरा घेत होतो. खेळ पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो ना! म्हातारा तंबाखू मळत होता. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसावं म्हणून मी दोन चढाया थांबलो. शेवटी त्याला शिंक आली. मग मी पायांकडे वळलो. नुसते पाय, धूळ, फक्कीची रेषा पुसली जातेय. मग पडणाऱ्या लांब सावल्या. मग पुन्हा पाय. कुणाचे, हे विचारू नका.

मध्यंतरात ती पाणी प्यायला आली ती थेट माझ्याकडे. घाम पुसत विचारलं की भाऊ, नंबर दिसतोय ना. मी हो म्हटलं. म्हणजे खोटं बोललो. एवढं सरळ तोंडावर खोटं मी पोरीबाळींशी कधी बोललो नव्हतो. ती हसली, लिंबाची फोड तोंडात टाकली आणि गेली.  ती गेल्यावर मात्र मी ठरवलं, आता पुरे, दुसऱ्या डावात फक्त पाच नंबर. कॅमेरा तिच्यावरून हटवायचा नाही.

तसं केलंही. पण दुसऱ्या डावात सूर्य उतरला. काय सांगू! कडुनिंबांच्या मागं तांबडा गोळा, पुढं सोन्यासारखी धूळ, आणि तिच्यात सात सात काळ्या आकृत्या वाकताहेत, झेपावताहेत, एकमेकींत मिसळताहेत. मी बटण दाबलं. आकाश पांढरं झालं आणि तिचा चेहरा आला, घामेजलेला, कपाळावर केस चिकटलेले, साधा. मी बटण सोडलं. पुन्हा सोनं. पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. असं तीन-चारदा झालं. दर वेळी मी स्वतःला सांगितलं की पुढच्या चढाईला धरून ठेवू. मला आज त्या बोटाचा राग येतो.

सामना संपायला अर्धं मिनिट राहिलं. तिचा संघ दोन गुणांनी मागं. पंचांनी तिला चढाईला बोलावलं. तेव्हा मात्र मी शपथ घेतली. सूर्य गेला खड्ड्यात. बटण दाबलं, बोट पांढरं होईपर्यंत दाबून धरलं. तिचा चेहरा आला. ती वळली तेव्हा पाठीवरचा पाच आला, टाक्यांसकट. तिनं रेषा ओलांडली आणि तिचा तो समजावणीचा आवाज सुरू झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, या पोरीचं काम होतंय.

आणि डाव्या बाजूला हार वर उठला.

प्रमुख पाहुणे आत्ता आले होते. नानांनी त्यांना मंडपात उभं केलं, दोन्ही हातांनी झेंडूचा जाडजूड हार उचलला आणि पाहुण्यांनी मान पुढं केली. हे मला कसं दिसलं? डोळ्याच्या कोपऱ्यातून. इतकी वर्षं लग्नं केलेल्या माणसाला हार दिसत नाही, हार ऐकू येतो. वरमाला हुकली तर व्हिडिओवाल्याला जेवायला बसवत नाहीत, हे अंगात इतकं भिनलेलं होतं की मी काही ठरवायच्या आत माझा खांदा, मान, कॅमेरा, सगळं एका झोकात मंडपाकडे वळलं. हार गळ्यात पडला. मी तो घेतला. शाल आली. ती घेतली. नारळ आला, तोही घेतला. नानांनी सवयीनं कॅमेऱ्याकडे बघून पाहुण्यांचा हात धरून ठेवला आणि मी सवयीनं तेवढा वेळ थांबलो. मग मैदानात आरोळी उठली आणि मी भानावर आलो.

वळलो तेव्हा मध्यरेषेवर मुलींचा ढीग होता. ढिगाखालून एक हात रेषेपलीकडे निघालेला. दोघींना शिवून ती परत आली होती, तिसरी पायाला लोंबकळलेली असताना, म्हणजे तिघी बाद. सामना एका गुणानं जिंकला. लोक रुमाल उडवत होते, बाया कडेवरच्या पोरांना उडवत होत्या. ती ढिगातून बाहेर आली आणि तिनं लोकांकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मी अंगठा वर केला. देवा, मी अंगठा वर केला.

कॅसेट चार दिवसांनी नानांच्या घरी, देवपुरातच, पाहायची ठरली. बैठकीत रंगीत टीव्ही, व्हीसीआर, शेवभाजीचा वास येतोय, मंडळाची माणसं सतरंजीवर. ती आली होती, आणि तिचे वडील आले होते. धुतलेला सदरा, टोपी हातात. कापूस वेचणी सोडून ते आले होते, कारण त्यांनी पोरीला खेळताना आयुष्यात पाहिलं नव्हतं. सामन्याच्या दिवशी त्यांना येता आलं नव्हतं. नानांनी त्यांना आबा, आबा म्हणत पुढं बसवलं, टीव्हीपासून दोन हातांवर.

चित्र सुरू झालं. म्हातारा शिंकला. लोक हसले. मग पाय, सावल्या, धूळ. मग तो सूर्यास्त. बैठकीत दोघातिघांनी वा म्हटलं. एकानं विचारलं की हे खरंच आपल्या देवपूरचं मैदान आहे का. मला, लाज वाटते सांगायला, बरं वाटलं. आबा मात्र पुढं सरकत सरकत टीव्हीला नाक लावायला आले होते. डोळे बारीक करून ते एक एक काळी आकृती तपासत होते. मग ते माझ्याकडे वळले.

"भाऊ, बठ्ठं काळंच शे. यामा मनी पोर कोठे शे?"

त्यांची पोर दाखवायला मी उठलो, पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, आबा, ही. मागून ती हळूच म्हणाली की ती मी नाही, ती समोरच्या संघातली. मी बोट दुसऱ्या सावलीवर नेलं. ती काही बोलली नाही. म्हणजे तीही नसावी.

मधूनच, मी बटण दाबलं होतं तेव्हाचा, एखाद्या क्षणापुरता तिचा चेहरा उजळायचा आणि आबा तोंड उघडून पाहायच्या आत पुन्हा विझायचा. शेवटची चढाई आली. पाच नंबर लख्ख दिसला, रेषा ओलांडताना दिसली, आणि चित्र सर्रकन मंडपाकडे गेलं. बोट तसंच बटणावर राहिलं होतं, त्यामुळं पाहुणे असे उजळून निघाले की काय विचारता. शालीच्या जरीचे धागेसुद्धा मोजता आले असते. चित्रात हार, शाल, नारळ, नानांचं हसू. आणि आवाजात ती. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. एका दमात, न तुटता, कुठंतरी चित्राच्या बाहेर. मग पकड पडल्याचा धप्प आवाज, तरीही दम चालूच, मग आरोळी. नानांनी मांडीवर थाप मारली आणि मला म्हणाले की कलावंत आहात खरे, सत्कार घेत नाही म्हणत होतात आणि काय घेतलात! आबांनी पोरीकडे बघून एवढंच म्हटलं की आवाज तिचाच आहे, ओळखला.

पण निवड समिती आवाजावर खेळाडू घेत नाही. तरी कॅसेट मीच पार्सलनं पुण्याला पाठवली. सोबत लांबलचक पत्र लिहिलं. कुठल्या मिनिटाला कुठली सावली पाच नंबरची, ते अंदाजानं कळवलं. शेवटच्या चढाईत चित्रात काय नाही आणि ते कसं झालं असेल, तेही लिहिलं. आयुष्यात इतकं मन लावून मी काही लिहिलं नव्हतं. पंधरा दिवसांनी दुकानाच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं. निवड समितीतल्या सरांचं अक्षर टपोरं होतं. चित्रीकरण फार सुंदर आहे, असं पहिल्या ओळीत होतं. खेळाडू ओळखता आली नाही, त्यामुळे यंदा विचार करता येत नाही, असं दुसऱ्या ओळीत.

पहिली ओळ मी दोनदा वाचली. हे कुणाला सांगायचं नव्हतं, पण आता लिहायलाच बसलोय तर लपवून काय करू. पहिली ओळ मी दोनदा वाचली आणि मगच दुसरीवर आलो.

पोस्टकार्ड घेऊन मी स्वतः तिच्या गावी गेलो. ती शेतात होती. आबांनी मला खाटेवर बसवलं, चहा दिला, कार्ड उलटसुलट पाहिलं आणि माझ्याकडूनच वाचून घेतलं. मी दुसरी ओळच वाचली. म्हटलं, आबा, चूक माझी आहे, पोरीची नाही, एक वर्ष थांबा, पुढच्या वर्षी सामने होतील, मी फुकट येऊन शूटिंग करीन, हवं तर चेहऱ्याशिवाय काही घेणार नाही. आबांना माझा राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले की पाहुण्यांना होकार कळवलाय, आता शब्द फिरवता येत नाही. पोरीला दिलेला शब्द पाळला आणि पाहुण्यांना दिलेला शब्दही पाळला, त्यांच्या हिशोबात कुठं चूक नव्हती. ती परत येईपर्यंत थांबायचा मला धीर झाला नाही. दोनची एसटी पकडली.

वैशाखात पहूरहून एक माणूस ऑर्डर द्यायला दुकानात आला. लग्न त्यांच्या दारी, मुलाकडे होतं. भर सिझन, रोज दोन दोन लग्नं, मी वहीत तारीख टाकली आणि मुलगी कुठली हे विचारलंसुद्धा नाही. खरं तर पहूर म्हटल्यावर माझ्या डोक्यात काही वाजायला हवं होतं. वाजलं नाही. तोवर मी झोळी खुंटीला टांगली होती आणि मामा, भांडी, पंगत, बदाम यांत परत रुळलो होतो.

नवरीच्या खोलीत पोचलो तेव्हा हळद उतरवून नवरी पाटावर येऊन बसली होती. मी सवयीनं खिडकीकडे पाठ केली, दिवा तिच्याकडे वळवला, कॅमेरा खांद्यावर घेतला आणि काचेतून पाहिलं. हिरवा चुडा, मुंडावळ्या, आणि मुंडावळ्यांमागं ती. मी कॅमेरा खाली केला.  माफी मागावी असं वाटलं, पण आजूबाजूला बायका, करवल्या, कुणी बांगड्या भरतंय, कुणी केसांत गजरा खोचतंय. कबड्डीचं तिथं कुणाला माहीत तरी होतं का, देव जाणे. मी म्हटलं, बरी आहेस ना. ती हो म्हणाली. मग तिनं मुंडावळ्या दोन्ही हातांनी बाजूला केल्या आणि चेहरा माझ्यापुढं धरला.

"घ्या भाऊ, सावकाश घ्या. आता मी कुठं हलत नाही."

मागच्या बायका हसल्या. त्यांना वाटलं नवरी व्हिडिओवाल्याची थट्टा करतेय. ती हसत नव्हती, आणि चिडलेलीही नव्हती. मला रडू येत होतं. पण नवरदेवाची मावशी दारातून ओरडली की मुहूर्त जवळ आलाय, आटपा. मी कॅमेरा उचलला आणि तिच्या चेहऱ्यावर लावला. उजेड चांगला होता. चेहरा अगदी स्वच्छ आला.